राखीव क्वार्टरबॅक तयार आहे का, हे कसं ओळखायचं

१० डिसेंबर २०१७. लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सविरुद्ध आमच्या ईगल्सचा अमेरिकन फुटबॉल सामना, आणि आम्ही फिलाडेल्फियाजवळच्या आमच्या घरी टीव्हीसमोर. आमचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे पास देऊन हल्ला चालवणारा खेळाडू, कार्सन वेन्ट्झने गोलरेषेकडे सूर मारला आणि दोन खेळाडूंच्या मध्ये सापडला. तरी पुढचे चार प्ले (खेळी) तो खेळला, टचडाउनचा (गोलरेषेपार गुण मिळवून देणारा) पास दिला आणि मग बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, डाव्या गुडघ्याचा एसीएल हा लिगामेंट फाटलाय. ईगल्स ११-२ वर (११ विजय, २ पराभव) होते आणि उरलेला हंगाम राखीव क्वार्टरबॅक निक फोल्सच्या हाती. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. "आई, हा तयार आहे का गं?" त्याने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. पुढचे आठ आठवडे मी ते शोधत होते. तुमच्या संघावर तीच वेळ आली असेल, तर माझी पद्धत सांगते.

आधी हे बघा की त्याला सराव किती मिळालाय. क्रिकेटमध्ये राखीव फलंदाजही नेटमध्ये रोज खेळतो. इथे तसं नसतं. आठवडाभर पहिल्या फळीबरोबरचे जवळजवळ सगळे प्ले मुख्य क्वार्टरबॅक खेळतो. राखीव खेळाडू प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच बचावाला सराव देतो. त्यात फोल्सचं कोपर दुखत होतं, त्यामुळे ऑगस्टच्या शिबिरातला त्याचा बराच सराव बुडालेला. म्हणून सामन्याच्या मध्यात उतरलेल्या खेळाडूवरून मत बनवू नका. बुधवार ते शुक्रवार मुख्य संघाबरोबर कोण खेळला, ते वाचा.

सामना सुरू झाला की चेंडूवरून नजर काढून घड्याळाकडे न्या. मला सगळ्यात जास्त कळलं ते इथे. प्रत्येक प्लेआधी ४० सेकंद असतात. कोचचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये येतो आणि १५ सेकंद उरले की बंद होतो. संघ हडल (प्ले ठरवायचा घोळका) मोडून रेषेवर आला तेव्हा किती सेकंद उरलेत, ते मोजा. १२-१३ असतील तर समोरचा बचाव वाचायला त्याला वेळ आहे. दर वेळी ४-५ च उरत असतील, पहिल्याच क्वार्टरमध्ये (सामन्याच्या पहिल्या पाव भागात) टाइमआउट जळत असतील, लाइनमधले (पुढच्या रांगेतले) खेळाडू स्नॅपआधीच, म्हणजे चेंडू खेळात यायच्या आतच, हलत असतील, तर प्ले अजून त्याच्या जिभेवर बसलेले नाहीत. पास पूर्ण झाला तरी मी तेव्हा काळजी करते.

यार्डांच्या आकड्यांना लगेच भुलू नका आणि घाबरूही नका. जायंट्सविरुद्ध फोल्सने चार टचडाउन पास दिले, आम्ही निश्चिंत झालो. मग ख्रिसमसच्या रात्री रेडर्सविरुद्ध ३८ पैकी १९ पास पूर्ण. मी मैदानात होते, थंडीने बोटं वळत नव्हती, आणि मागच्या रांगेतले आजोबा सारखे "संपलं" म्हणत होते. सामना आम्ही १९-१० जिंकला, घरच्या मैदानावर प्लेऑफ (बाद फेरी) खेळायचा हक्कही पक्का झाला, तरी घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही. ३१ तारखेला काउबॉइजविरुद्ध ११ पैकी ४, आणि हार ६-०. पण त्या सामन्यावर काही अवलंबून नव्हतं आणि तो थोडाच वेळ खेळला. अशा सामन्याला मी आता वजनच देत नाही.

खरा प्रश्न कोचला विचारायचा: प्लेबुक (प्लेंची वही) कोणासाठी लिहिलंय? फोल्सने याच शहरात २०१३ मध्ये २७ टचडाउन पास दिले होते, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) फक्त २. तेव्हा त्याला जमायचे ते झटपट पास. एका बचावपटूला वाचायचं, चेंडू धावणाऱ्याला द्यायचा किंवा लगेच फेकायचा. ईगल्सचे तेव्हाचे कोच डग पीडरसन स्वतः राखीव क्वार्टरबॅक राहिलेले. मधल्या सुट्टीच्या आठवड्यानंतर १३ जानेवारीला फाल्कन्सविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये असे पास भरपूर दिसले. ३० पैकी २३. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी व्हायकिंग्जविरुद्ध ३५२ यार्ड. वेन्ट्झचे प्ले त्याच्या गळ्यात घातले असते तर हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

लाइन आणि बचावही बघा, पण थोडक्यात: तिसऱ्या डाउनला (प्रयत्नाला) ३ यार्ड हवेत की ९, एवढं मोजलं तरी पुरतं. सगळीकडे गोष्ट गोडच होते असंही नाही. २०११ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग नसताना कोल्ट्सने तीन क्वार्टरबॅक वापरले आणि २-१४ वर हंगाम संपला.

शेवटची खूण उशिरा दिसते. ४ फेब्रुवारी २०१८, मिनियापोलिस, सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना. हाफटाइमला ३८ सेकंद, चौथा डाउन, गोलरेषा एक यार्डावर. फोल्स साइडलाइनला गेला आणि पीडरसनना एका प्लेचं नाव घेऊन विचारलं, तो खेळूया का म्हणून. त्या प्लेमध्ये चेंडू झेलायचा होता फोल्सनेच. सहकारी ट्रे बर्टनने फेकला, याने झेलला, टचडाउन. सगळे उड्या मारत होते आणि मुलगा माझा हात ओढत म्हणत होता, "आई, बघितलंस? त्याने स्वतः मागितला!"