ससा अचानक निपचित पडला तर आधी ताप मोजा

निपचित पडलेला ससा उन्हाने तापलेला असेल किंवा आतड्यांची हालचाल थांबून गार पडत चाललेला असेल. दिसायला दोन्ही सारखेच, उपाय मात्र उलटे. म्हणून कानाला हात लावून अंदाज बांधू नका. डॉक्टरांना फोन लावा आणि ताप मोजा.

मऊ टोकाच्या डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलिन लावा. सशाला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर पोटावरच बसवा, उताणा करू नका. मागचे पाय नीट धरा. सशाची हाडे हलकी आणि मागच्या पायांत जोर फार, त्यामुळे झाडलेल्या लाथेने त्याचाच कणा मोडू शकतो. टोक गुदद्वारातून एक-दीड सेंटिमीटर, जोर न लावता आत न्या. १०१.३ ते १०४ अंश फॅरनहाइट हा निरोगी सशाचा ताप.

१०५ च्या पुढे आकडा, जोरात धाप, तोंडातून लाळ, लालभडक कान: हा उष्माघात. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. त्याला सावलीत आणा आणि साध्या नळाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने कान पुसत राहा, पंजेही ओले करा. पंखा चालू ठेवा, पण झोत थेट तोंडावर नको. बर्फाचे पाणी वापरू नका, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. बादलीत बुडवणे तर नकोच, त्या धक्क्याने ससा दगावू शकतो. दर पाच मिनिटांनी ताप बघा. १०४ वर आला की ओले करणे थांबवा, नाहीतर तो खाली घसरतच जातो.

आकडा १०० किंवा त्याहून कमी असेल तर ससा शॉकमध्ये चालला आहे. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटले तर त्याला सरकता येईल. पोट फुगून ढोलासारखे ताठ झाले असेल तर तोंडात काहीही भरवू नका. सशाला उलटी होत नाही, आणि आतडे तुंबलेले असेल तर भरवलेले सगळे जठरातच साचते. गुंगीतल्या सशाला सिरिंजने पाणीही पाजू नका, ते फुप्फुसात जाते.

ताप ठीक आहे, पण बारा तास खाणे नाही आणि लेंड्याही नाहीत? तरीही त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोवर समोर गवत, कोथिंबीर आणि वाटीत पाणी ठेवा.

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक आतड्यातले उपयोगी जिवाणू मारते आणि ससा जातो. कुत्र्याच्या पिसवांवरचे औषध फिप्रोनिल सशाला विषारी आहे.

पावसाळ्यात ओल्या, घाण झालेल्या शेपटीखाली माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होतात. दिसतील तेवढ्या चिमट्याने काढा, अंग धुवायला बसू नका, लगेच निघा. नख तुटून रक्त येत असेल तर मात्र घाबरायचे कारण नाही: कॉर्नफ्लोअर लावून पाच मिनिटे न सोडता दाबा.

नेताना पिंजऱ्यात न घसरणारा टॉवेल अंथरा. शेवटचे खाणे आणि शेवटच्या लेंड्या कधी, ताप किती आणि किती वाजता मोजला, हे कागदावर लिहून घ्या. फोनवर एकच विचारा: तुमच्याकडे सशांवर उपचार होतात का? कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच दवाखान्यांत होत नाहीत.