कॉलेजच्या थ्रिलर शॉर्टफिल्ममध्ये सस्पेन्स कसा आणायचा

दचकवणं सोपं असतं. दार धाडकन आपटायचं, मागून खांद्यावर हात, वर मोठ्ठं म्युझिक, झालं. बघणारा दचकतो आणि दोन सेकंदांत विसरतो. सस्पेन्समध्ये तो आधीपासून जीव मुठीत धरून बसलेला पाहिजे, आणि त्यासाठी त्याला कॅरेक्टरपेक्षा थोडं जास्त माहीत असावं लागतं. थ्रिलरसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक, त्याचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण यासाठीच सांगतात: बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, पण प्रेक्षकाला तो आधी दाखवला आणि माणसं वर बसून निवांत गप्पा मारतायत, तर पंधरा मिनिटं ताण. बहुतेक स्टुडंट फिल्म्समध्ये नेमकं उलटं करतात, सगळं लपवून ठेवतात आणि शेवटी ट्विस्ट देतात, मग मधली आठ मिनिटं कोणाला कशाचीच भीती नसते.

आता एक सीन घेऊ, म्हणजे हवेत बोलणं नको. रात्रीची वेळ, एक मुलगी एचओडी सरांच्या केबिनमध्ये घुसलीये, कपाटातली उत्तरपत्रिका तिला काढायचीये. शिपाईकाका राउंडवर. एवढंच.

पहिलं काम, तिच्याआधी शिपाईकाका दाखवा. गेटवर बसलेत, चहा घेतायत, कमरेला चाव्यांचा जुडगा आहे आणि उठले की तो खुळखुळतो. हा आवाज प्रेक्षकाच्या कानात बसू द्या, दोनदा तरी ऐकवा, तेही काही विशेष चाललेलं नसताना. नंतर मुलगी कपाटाशी असेल तेव्हा काकांना दाखवायचंच नाही, फक्त लांबून खुळखुळ. माणूस फ्रेममध्ये आला की प्रेक्षकाला कळतं तो किती लांब आहे, नुसता आवाज आला की ते अंतर तो स्वतः मोजत बसतो, आणि ते मोजणं हाच सस्पेन्स.

दुसरं, वेळ ताणा. कुलूप उघडायला खऱ्या आयुष्यात दहा सेकंद लागत असतील तर पडद्यावर तीस-चाळीस लागू द्या. त्यासाठी भरपूर इन्सर्ट, म्हणजे एकेका छोट्या गोष्टीचे जवळून घेतलेले शॉट, काढून ठेवा: चावी, बोटं, कुलूप, दाराखालची उजेडाची फट, घड्याळ, तिचे डोळे. शूटिंगच्या दिवशी सगळे थकलेले असतात आणि इन्सर्ट राहून जातात, मग एडिटला बसल्यावर कापायला काहीच नसतं, म्हणून मोठे शॉट झाले की लगेच त्याच लाइटमध्ये ते उरकून घ्या. कापताना सुरुवातीचे शॉट लांब ठेवा, पाच-सहा सेकंदांचे, मग हळूहळू आखूड करत न्या आणि कॉरिडॉर-केबिन, कॉरिडॉर-केबिन असं आलटून पालटून दाखवा. आणि अगदी टोकाला आल्यावर एकदम एक लांब शॉट, न कापता, तिचा श्वास रोखलेला चेहरा. सारखं फास्ट कापत राहिलात तर डोळ्याला सवय होते आणि ताण उतरतो.

काकांचा कॉरिडॉरमधला चालण्याचा शॉट डावीकडून उजवीकडे असेल तर प्रत्येक वेळी तसाच ठेवा हं, नाहीतर ते जवळ येतायत का लांब चाललेत हेच कळत नाही आणि सगळी मेहनत वाया.

लाइटसाठी फार काही भाड्याने आणायची गरज नाही. केबिनची ट्यूब बंद, एक टेबल लॅम्प किंवा बाहेरच्या पॅसेजचा उजेड, बाकी अंधार. पण पूर्ण अंधारात शूट करू नका, मोबाइलचा कॅमेरा आयएसओ (उजेडाला असलेली संवेदनशीलता) वाढवतो आणि चित्रात नुसते दाणे दिसतात. काळ्याभोर केसांमागे भिंतीवर थोडा उजेड राहू द्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, म्हणजे ट्यूबलाइट किंवा साध्या एलईडीखाली पट्टे सरकताना दिसायची शक्यता बरीच कमी होते. एक्सपोजर आणि फोकस लॉक करा.

आवाजाकडे तर अजिबात दुर्लक्ष नको, माझ्या मते चित्रापेक्षा तेच जास्त महत्त्वाचं. पंखा, एसी, कूलर बंद. शूट झाल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा, एडिटमध्ये प्रत्येक कटखाली ती घालायची, नाहीतर आवाज मध्येच तुटल्यासारखा वाटतो. चाव्या, पावलं, कपाटाचं दार हे नंतर माइक जवळ धरून वेगळं करा. आणि म्युझिक कमीत कमी, शक्यतो चाव्यांचा आवाज थांबला की तेही थांबू दे. काका थांबलेत. का थांबलेत? त्या शांततेत प्रेक्षक कान टवकारतो, तिथे व्हायोलिन वाजवलंत तर संपलं.

कमी पैशात हे होतं का, असं वाटत असेल तर १९९९ चा 'कौन' बघा, एक घर, मोजकी माणसं, बाहेर पाऊस, आणि दारावरची बेल सुद्धा अंगावर येते.

एडिट झाल्यावर आधी म्यूट करून बघा, गोष्ट कळतेय का. मग चित्र बंद करून नुसता आवाज ऐका, काका कुठे आहेत ते कळतंय का. मग ज्यांनी स्क्रिप्ट वाचलेली नाही अशा दोन-तीन जणांना दाखवा, पण तुम्ही स्क्रीनकडे नका बघू, त्यांच्याकडे बघा. ज्या सेकंदाला कोणी खुर्चीत सैल होऊन टेकतो किंवा मोबाइल हातात घेतो तो टाइमकोड लिहून ठेवा आणि कात्री लावायला तिथूनच सुरुवात करा.