बडोद्याला एक्स्पोर्टच्या नोकरीवर येताय? आधी ‘थई जशे’ समजून घ्या

सांगलीहून मी बडोद्याला आले २००६ साली. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे आपल्या एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्ह बनवणारा कारखाना, एक्स्पोर्टचं टेबल. तेव्हापासून दर जून-जुलैत सांगली, कोल्हापूर, नाशिककडची दोन-चार पोरं येतात आणि मी जिथे आपटले नेमकी तिथेच आपटतात. म्हणून एकदा लिहून ठेवते.

घर मांजलपूरला बघा, कारखाना जवळ पडतो. घरमालक खाण्यापिण्याबद्दल विचारेल, खरं ते सांगा. डाळ गोड असते. जे सहा महिने डाळीवरच बोलत राहतात ते सातव्या महिन्यात गावी परततात, असं मी बघत आलेय.

दांडिया बाजारात मराठी कानावर पडलं की नवीन माणूस हुरळतो. ती मंडळी गायकवाडांच्या राज्यापासूनची. स्वतःला परगावची समजतच नाहीत, आणि तुम्ही त्यांच्या लेखी कालचे पाहुणे. माणसं प्रेमळ आहेत, गणपतीला जरूर जा. पण दर संध्याकाळी तिथेच बसलात तर गुजराती कधी शिकणार? आणि शेठची, म्हणजे मालकाची, गुजराती कळली नाही तर जर्मन गिऱ्हाइकाला काय कळवणार?

कारखान्यात ‘साहेब’ चालत नाही. सगळे भाई आणि बेन, मालकसुद्धा. पण भाई म्हटलं म्हणजे बरोबरी झाली असं समजू नका. बाराशे रुपयांचं कुरिअरही त्यांना विचारल्याशिवाय निघत नाही. हॉफस्टेडे नावाच्या डच संशोधकाने देशोदेशींच्या कामाच्या रीतींना आकडे दिलेत. सत्तेतली उतरंड लोक किती मुकाट्याने मान्य करतात, यात भारताला ७७ आणि जर्मनीला ३५. याचा टेबलावर अर्थ असा: तिकडचा इंजिनियर मेलमध्ये विचारतो, गॅस्केट दुसऱ्या ग्रेडचं चालेल का? तो स्वतः ठरवू शकतो, तेव्हा तुम्हीही ठरवाल असं धरून चालतो. तुम्ही तिसऱ्यांदा ‘शेठना विचारून सांगते’ म्हणालात की तुमची गणती पोस्टमनमध्ये झाली. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शेठकडून ठरवून घ्या, कुठवरचं उत्तर तुम्ही परस्पर देऊ शकता. मला हे सुचायला चार वर्षं लागली.

आता मुद्द्याचं. ‘थई जशे’, म्हणजे होऊन जाईल. शेठ हे तीन सुरांत म्हणतात. झटकन म्हटलं तर काम झालंच. चहाचा घोट घेऊन म्हटलं तर प्रयत्न करू. आणि खिडकीबाहेर बघत म्हटलं तर होणार नाही, पण आत्ता तो विषय नको. इथल्या माणसाला सूर कळतो. तुमच्या मेलमध्ये सूर जात नाही, तारीख जाते.

२०११ साली जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाची ऑर्डर होती, माल २४व्या आठवड्यात त्यांच्या दारात. हो, ते आठवड्याचा नंबर देतात. तो १ जानेवारीपासून सरळ मोजून काढू नका, त्यांचं कॅलेंडर बघा. त्या वर्षी २४वा आठवडा म्हणजे १३ जूनपासूनचा. समुद्राने चार-पाच आठवडे धरले तर मेच्या पहिल्या आठवड्यात कंटेनर निघायला हवा. एप्रिलच्या शेवटी कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतीव धातूत हवेची भोकं, निघाले. फाउंड्री म्हणाली, पुन्हा ओतायला पाच आठवडे. मला त्याच दिवशी कळलं होतं की जमणार नाही. शेठ म्हणाले, थई जशे. खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मी काय केलं? ‘आम्ही पूर्ण प्रयत्न करत आहोत’ असं इंग्रजीत लिहिलं. खोटं नव्हतं. आमच्या घरी वाईट बातमी अशीच देतात, आधी पाणी, मग चहा, मग गोष्ट. तिकडे त्या वाक्याचा अर्थ लागला, काम वेळेत चालू आहे. ६ जूनला त्यांचा फोन आला, जहाजाचं नाव सांगा. जहाज नव्हतंच.

शेवटी दोन टन माल विमानाने गेला. भाडं त्या ऑर्डरच्या नफ्याच्या तिप्पट, वर एलडी, म्हणजे करारातला उशिराचा दंड, लागली ५ टक्के. आणि तरीही गिऱ्हाईक तुटलं. त्यांचा खरेदीवाला उशिराबद्दल एक शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, एप्रिलमध्ये सांगितलं असतंत तर ४० नग मी दुसरीकडून घेतले असते आणि बाकीचे जुलैत चालले असते. शेठही ओरडले नाहीत. आकडा विचारला, वहीत लिहिला. दर दिवाळीत चोपडापूजनाच्या, म्हणजे वहीपूजनाच्या, पेढ्याबरोबर तो मला अजून ऐकू येतो.

तेव्हा अडचण कळली त्याच दिवशी कळवा. काय बिघडलं, नवी तारीख कोणती, मधल्या काळात किती नग देऊ शकता, चार ओळी पुरे. माफी एका ओळीत. शेठ अडवतील. मीही अडवली जाते, तेव्हा वहीतला तो आकडा काढायला लावते.

गंमत म्हणजे आपला सांगलीकडचा तोंडावर ‘नाही’ म्हणायचा स्वभाव, जो इथल्या पार्टीला टोचतो, तो जर्मन आणि डच लोकांना आवडतो. इथे मात्र गिळा. इथे नकार ‘जोई लइशुं’ असा येतो, म्हणजे बघू. आणि हे एकदा कानात बसलं की जपानी लोक सोपे जातात. त्यांचं ‘हाई’ म्हणजे ऐकतोय. होकार असेलच असं नाही. ‘मुझुकाशी’, म्हणजे अवघड आहे, हे बहुधा नाहीच. फरक पुढे आहे. जपानी कंपनीत कागद टेबलाटेबलावरून फिरतो, प्रत्येकाचा शिक्का पडतो, महिने जातात; पण एकदा ठरलं की सहसा हलत नाही. आमचे शेठ जिन्यात ठरवतात आणि पार्किंगमध्ये बदलतात.

ट्रेनिंगवाले हॉफस्टेडेचे तक्ते दाखवतील. अनिश्चिततेची धास्ती जपान ९२, जर्मनी ६५, भारत ४०. ‘थई जशे’ त्या चाळिसातूनच येतं, हे पटतं. पण ते मूळ आकडे १९७०च्या आसपास आयबीएम या एकाच कंपनीच्या नोकरदारांना विचारून काढलेत, आणि त्यात सांगली आणि बडोदा मिळून एकच भारत आहे. माझ्या टेबलाच्या अलीकडे-पलीकडे मात्र दोन आहेत.

सुट्ट्यांचं एकच कॅलेंडर भिंतीवर लावा. १४ आणि १५ जानेवारीला इथे सगळं गाव पतंग उडवायला गच्चीवर असतं. दिवाळीनंतर लाभपाचमेपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, फाउंड्री फोन उचलत नाही. नवरात्रात इन्स्पेक्शन ठेवू नका. रात्री गरबा, सकाळी फिटर झोपेत. ऑगस्टमध्ये इटली बंद, त्याच महिन्यात जपानचा ओबोन, म्हणजे पितरांचा सण, एप्रिलअखेर त्यांचा गोल्डन वीक, म्हणजे लागोपाठच्या सुट्ट्या. परदेशी पाहुणा येणार असेल तर गुजरातेत दारूबंदी आहे हे विमानात बसण्याआधी सांगा. परमिट मिळतं, पण आल्यावर कळलं तर चेहरा पडतो.

आणि जर्मन ड्रॉइंगवर १२,५०० दिसलं तर ते साडेबारा मिलिमीटर आहे. तिकडे दशांशाला स्वल्पविराम असतो. गेल्या वर्षीच्या मुलाने ते साडेबारा हजार नग धरून फाउंड्रीकडे भाव मागवला होता. फाउंड्रीवाला पेढे घेऊन आला.