गरब्याआधी पोटरीच्या या चुका टाळा

नवरात्राची तिसरी-चौथी माळ आली की बडोद्यात लंगडणारी माणसं दिसायला लागतात. दांडिया बाजारातली, रावपुऱ्यातली, वर्षभर खुर्चीवर बसून काम करणारी, पस्तिशी ओलांडलेली. तक्रार एकच: "पोटरी धरलीय." आणि घरी केलेला उपायही एकच: तेल कोमट करून जोरात चोळली. या चोळण्यापायी आठ दिवसांत बरी होणारी दुखापत दीड महिना घेते. दर वर्षी हेच बघावं लागतं, म्हणून आधी पोटरीत काय आहे ते सांगतो.

पोटरी हा एक स्नायू नाही. वरून जो फुगीर दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस. त्याची दोन डोकी गुडघ्याच्या मागे, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला चिकटलेली असतात, त्यामुळे तो गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. त्याच्याखाली रुंद, चपटा सोलियस असतो. तो गुडघ्याच्या खालून, पायाच्या दोन्ही हाडांच्या मागच्या बाजूने निघतो आणि फक्त घोटा ओलांडतो. दोघांची मिळून साधारण १५ सेंटीमीटर लांबीची जाड कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) होते आणि टाचेच्या हाडाला येऊन चिकटते. तिलाच अकिलीस म्हणतात. गुडघा सरळ असताना वरचा स्नायू ताणलेला असतो आणि जोर लावतो. गुडघा वाकला की तो ढिला पडतो आणि बहुतेक भार सोलियसवर जातो. पुढचं जवळजवळ सगळं या दोन वाक्यांवर चालतं.

फाटलेल्या स्नायूला 'गोळा' समजणं

बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ दुसऱ्या रात्री गरब्याच्या वर्तुळात होते. पाय मागे, गुडघा सरळ, चवड्यावर जोर देऊन पुढे झेपावले आणि पोटरीवर मागून कुणीतरी दांडी मारल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर मागे कुणीच नाही. घरी आल्यावर मामी म्हणाल्या, "अरे, गोळा आलाय, चोळून देते." अर्धा तास मालीश, वर गरम पाण्याची पिशवी. सकाळी पोटरी टणक. तिसऱ्या दिवशी निळा-जांभळा डाग घोट्यापर्यंत उतरलेला. दुखणं जरा कमी वाटलं म्हणून सहाव्या रात्री पुन्हा मैदानात गेले आणि तिथेच खाली बसले. पहिल्या दिवशी थोडेच तंतू फाटले होते, आता बरेच फाटले. नीट चालायला सात आठवडे लागले.

गोळा येतो तेव्हा स्नायू आवळून दगडासारखा होतो आणि पाऊल वर ओढलं की मिनिटा-दोन मिनिटांत सुटतो. फाटतो तेव्हा एका क्षणी झटका बसतो, नेमक्या एका जागी बोट ठेवलं की कळ येते आणि चवड्यावर उभं राहवत नाही. ती जागा बहुधा पोटरीच्या आतल्या बाजूला, मधोमध असते, कारण तिथे आतल्या डोक्याचं मांस संपून कंडरा सुरू होते. आत रक्त झिरपत असताना चोळलं किंवा शेकलं तर ते आणखी पसरतं.

पहिले तीन दिवस मालीश नाही, शेक नाही, ताणणं नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत क्रेप बँडेज, झोपताना पाय उशीवर. दोन्ही चपलांत टाचेखाली सेंटीमीटरभर जाडीची गादी घालावी. एकाच पायात घातली तर कंबर बोलायला लागते.

त्याच रात्री आणखी एक तपासणी करा. रुग्णाला पालथं झोपवा, पावलं पलंगाच्या कडेबाहेर लोंबू द्या आणि पोटरी हाताने दाबा. चवड्यावर उभं राहताना वळतं तसं पाऊल आपोआप वळायला हवं. वळलं नाही तर अकिलीस तुटली असं धरून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, सकाळची वाट बघू नका. "पाऊल हलवता येतंय, म्हणजे तुटलेलं नाही" हा दिलासा खोटा आहे. कंडरा तुटली तरी आतले दुसरे स्नायू पाऊल थोडं खाली वळवतात.

फक्त ताठ पायाने टाचा उचलणं

जिममध्ये काफ रेज म्हणून जे चालतं ते बहुतेक वेळा उसळणं असतं. वीस सेकंदांत तीस वेळा. खाली जाऊन वर येताना स्प्रिंगसारखी उसळी कंडरा देते, स्नायूला काम मिळत नाही. ही घाई मला अजिबात मान्य नाही.

जिन्याच्या पायरीवर फक्त चवडे टेकवा, टाचा कडेबाहेर. दोन बोटं भिंतीला, तोल जाऊ नये एवढ्यापुरतीच. दोन सेकंदांत वर, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत पायरीच्या पातळीखाली. भार अंगठ्याच्या मुळाशी हवा. करंगळीकडे घोटा कलला की तो संच तिथेच थांबवा. धडधाकट माणसाला एका पायावर अशा २५ वेळा जमायला हव्यात. बहुतेकांचं गाडं बारा-पंधरावर अडतं.

खरी चूक यापुढची. गरब्यात माणूस गुडघे किंचित वाकवून तासन्‌तास चवड्यावर असतो. ते काम सोलियसचं. हा मुख्यतः संथ, न थकणाऱ्या तंतूंचा स्नायू आहे, आणि ताठ पायाच्या व्यायामात त्याच्या वाट्याला पुरेसं काम येत नाही. म्हणून निम्मे संच गुडघा वाकवून करा. वर जाताना गुडघा हळूच सरळ होऊ देण्याची खोड सगळ्यांना असते. आरशात बाजूने बघितल्याशिवाय ती कळत नाही. बसूनही करता येतं: पाटासारख्या खालच्या बैठकीवर बसा, गुडघ्यांवर घडी घातलेली सतरंजी, त्यावर सिंगतेलाचा (शेंगदाणा तेलाचा) भरलेला १५ किलोचा डबा आडवा, हाताने धरलेला. असे १५-१५ चे तीन संच. आठवड्याने सोपं वाटायला लागलं की एका पायावर.

श्रावण लागला की सुरू करा. नवरात्रापर्यंत आठ आठवडे मिळतात आणि स्नायूला तेवढे लागतातच. घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात जोर काढून काही साधत नाही, उलट पहिल्याच रात्री पोटऱ्या भरून येतात.

थोडक्यात बाकीच्या

वर्षभर जाड टाचेचे बूट आणि गरब्याला एकदम अनवाणी. टाच सेंटीमीटरभर खाली जाते, पोटरी तेवढीच जास्त ताणली जाते. महिनाभर आधी घरात रोज अर्धा तास अनवाणी चाला.

ताण देताना फक्त मागचा गुडघा ताठ ठेवणं. तो वाकवून पुन्हा ३० सेकंद द्या, नाहीतर सोलियस तसाच राहतो.

रात्री गोळा आला की चवड्याने पलंग ढकलणं. उलट करा, पावलाची बोटं नडगीकडे ओढा.

एकच पोटरी सुजलेली, गरम, लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर दुखणारी असेल तर ती चोळू नका. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त निघाला तर शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉपलर (शिरेतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करून घ्या. फरक कमी निघाला तरी डॉक्टरांना दाखवाच. सोबत धाप लागत असेल तर थेट इमर्जन्सीत.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक गोळ्या चालू असताना किंवा नुकत्याच संपल्या असताना उड्या, दोरी, गरबा बंद. या गटातल्या औषधांनी अकिलीस तुटण्याचा धोका वाढतो, साठीच्या पुढच्यांना आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांना जास्त.

दुखापतीनंतर नुसतं चालताना दुखत नाही म्हणून मैदानात उतरणं. आधी एका पायावर वाकलेल्या गुडघ्याने २० वेळा टाच उचला, मग त्याच पायावर दहा उड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल विनाकळ पडलं, तर त्या रात्री अर्धा तास खेळा, वर्तुळाच्या बाहेरच्या रांगेत, उड्यांशिवाय.