गळू फोडण्याआधी ठोका बघा

गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीत ‘जांघेत गळू’ अशी चिठ्ठी घेऊन पेशंट आला की मी रेसिडेंटांना आधी सुरी बाजूला ठेवायला लावतो. गाठीच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवा. बोटं नुसती वर उचलली जात असतील तर तो शेजारच्या धमनीचा धक्का असू शकतो. एकमेकांपासून लांब सरकत असतील तर गाठ धमनीचीच, म्हणजे धमनीची भिंत फुगून झालेला फुगवटा (अॅन्युरिझम). शंका असेल तर डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह बघणारी तपासणी) करा. सुईसुद्धा टोचू नका.

पोटातल्या महाधमनीचा जंतुबाधित फुगवटा, म्हणजे जंतूंनी भिंत सडवलेला, असा हाताला लागेलच असं नाही. ताप आणि कंबरदुखी, एवढंच असतं. नेहमीचे गुन्हेगार स्टॅफिलोकोकस आणि साल्मोनेला. पण पावसाळा, चिखलात लावणी केलेली आणि जोडीला मधुमेह, असं असेल तर मेलिऑयडोसिस (माती-पाण्यातल्या बर्खोल्डेरिया जंतूचा आजार) आठवा. अँटिबायोटिकच्या आधी वेगवेगळ्या जागांवरून ब्लड कल्चर घ्या आणि लॅबला फोन करून शंका सांगा. नाहीतर जंतू नीट न ओळखता रिपोर्टात ‘स्यूडोमोनास’ एवढंच येतं. जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला न जुमानणारा, को-अमॉक्सिक्लॅवला मात्र बधणारा जंतू दिसला की पुन्हा विचारा.

सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) एका बाजूला आलेला वेडावाकडा फुगा, भोवतीची चरबी धुरकट, कधी हवेचे बुडबुडे. महाधमनीच्या साध्या, जंतू नसलेल्या फुगवट्यात पुरुषांमध्ये 5.5 सेंमीपर्यंत ऑपरेशनाशिवाय थांबता येतं. इथे आकार मोजत बसू नका.

ऑपरेशनात आधी फुग्याच्या वरच्या आणि खालच्या धमनीवर ताबा. जांघेची गाठ असेल तर वरची धमनी पोटाच्या बाजूने, निरोगी कातडीतून गाठा. क्लॅम्प (धमनी बंद करणारा चिमटा) बसल्यावरच फुगा उघडा. सडका भाग कापताना कंजुषी नको: कडेला रक्त येईपर्यंत, टाका धरेपर्यंत. नुसता स्वॅब नको. भिंतीचा तुकडा कल्चर, टीबी आणि हिस्टोपॅथला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवा.

कापलेल्या धमनीच्या जागी जोडणीला मला मांडीची खोल शीर आवडते, वेळ खाते तरी. नाहीतर रिफाम्पिसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेलं डॅक्रॉन (कृत्रिम धाग्याची नळी), वरून ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा). पू फारच असेल तर महाधमनीचं तोंड शिवून काखेतून जांघांकडे बायपास. नशेच्या सुया टोचून घेणाऱ्यांच्या जांघेत पुष्कळदा धमनी बांधून भागतं, पण घोट्याला डॉपलरचा आवाज हवा. स्टेंट (धमनीच्या आतून बसवलेली नळी) रक्तस्राव थांबवतो, पू आतच राहतो. वेळ मिळवण्यापुरता तो ठीक.

अँटिबायोटिक किमान सहा आठवडे. मेलिऑयडोसिसमध्ये आठ आठवडे शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, पुढे निदान सहा महिने को-ट्रायमॉक्साझोल. चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) बरं वाटतं आणि गोळ्या सुटतात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या गोळीची आणि पुढच्या सीटीची तारीख घाला, घरच्यांना वाचून दाखवा.