बाळाला डासांचं क्रीम लावताना

पाऊस ओसरू लागला की डेंग्यूच्या तापाची साथ डोकं वर काढते. हा आजार पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि दिवस मावळण्याच्या सुमारास जास्त. आपण मात्र मच्छरदाणी रात्री लावतो आणि सकाळी गुंडाळून ठेवतो. बाळ दुपारी उघड्यावर झोपलेलं असतं. त्यामुळे क्रीमची ट्यूब उघडण्याआधी बाळाच्या दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावायला सुरुवात करा.

१. आधी वय बघा

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डास पळवणारं कोणतंही क्रीम, लोशन किंवा स्प्रे लावायचा नाही. त्याच्यासाठी मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचं सैल सुती झबलं आणि पायमोजे एवढंच. छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी वापरत असाल तर बाळाचा हात-पाय जाळीला टेकत नाही ना, हे पाहा. टेकलेल्या जागी डास बाहेरून, जाळीतून चावतो. पाळण्याची मच्छरदाणी खालून उघडी राहू देऊ नका.

२. लेबल वाचा

दुकानदार 'लहान मुलांचंच आहे' म्हणाला तरी मागची बारीक अक्षरं वाचा. कोणत्या वयापासून चालतं आणि कोणतं औषध किती टक्के आहे, या दोन गोष्टी शोधा. डीट (DEET, डास पळवणारं एक रसायन) असेल तर मुलांसाठी ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको. टक्केवारी वाढली म्हणजे डास जास्त जोरात पळतात असं नाही, परिणाम जास्त वेळ टिकतो. १० टक्के डीट साधारण दोन तास पुरतं, ३० टक्के सुमारे पाच तास. बागेत तासभर खेळून यायचं असेल तर कमी टक्क्यांचं घ्या. आपल्याकडच्या काही क्रीममध्ये डीटऐवजी डायइथाइल बेंझामाइड असतं. तिथे पाकिटावरची वयाची अट पाळा, शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवा. लेमन युकॅलिप्टसचं तेल असलेलं उत्पादन तीन वर्षांच्या आत नको.

आता घरगुती उपायांबद्दल. 'नैसर्गिकच तर आहे' म्हणून खोबरेल तेलात कापूर घालून बाळाला चोळतात, निलगिरीचं तेल लावतात. कृपा करून हे करू नका. कापूर किंवा निलगिरीचं तेल थोडंसं जरी पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. आणि तान्ह्याच्या अंगाला लावलेलं तोंडात जायला कितीसा वेळ लागतो?

३. लावायचं असं

क्रीम आधी आपल्या तळहातावर घ्या, मग मुलाच्या उघड्या अंगावर पातळ थर पसरवा. कपड्यांच्या आत लावू नका. घामोळं, पुरळ, खरचटलेली जागा सोडून द्या. चेहऱ्यावर थेट स्प्रे कधीच मारायचा नाही. कपाळ, गालांची बाहेरची बाजू आणि कानांभोवती बोटाने अगदी थोडं लावा. डोळे आणि तोंडाच्या आसपास काही नको.

सगळ्यात महत्त्वाचे हात. पंज्यांना, बोटांना क्रीम अजिबात लावू नका. सहा महिन्यांचं बाळ अख्खी मूठ तोंडात घालतं, अंगठा चोखतं, मग त्याच हाताने डोळे चोळतं. मोठी मुलंही बिस्किट खाताना हात धुतीलच असं नाही. म्हणून दहा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती ट्यूब देऊ नका, तुम्हीच लावा.

सनस्क्रीनही लावायचं असेल तर ते आधी, डासांचं क्रीम नंतर. दोन्ही एकत्र असलेलं घेऊ नका. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावं लागतं, त्याबरोबर डासांचं औषध नाहक जास्त जातं.

४. घरी आल्यावर धुवा

साबण आणि पाण्याने अंग धुवा, कपडे धुवायला टाका. क्रीम लावून मुलाला झोपवण्याची सवय बऱ्याच घरांत आहे, ती सोडा. रात्रीचं काम मच्छरदाणीचं आहे. बंद खोलीत कॉइल लावणं किंवा धुरी देणंही नको, तो धूर बाळाच्या फुप्फुसात जातो. कपड्यांवर लावायचा रोल-ऑन कपड्यांवरच लावा, अंगावर नाही.

५. काही झालंच तर

पुरळ आलं तर लगेच साबणाने धुऊन ते क्रीम बंद करा. डोळ्यात गेलं तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. मुलाने क्रीम किंवा मशीनमधलं लिक्विड गिळलं तर बोट घालून उलटी काढू नका. ट्यूब किंवा बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. मूल सुस्तावलं असेल किंवा झटके येत असतील तर १०८ ला फोन करा.