फळांचा सोडा घरी करताना या चुका टाळा

इंदूरमध्ये एप्रिल सुरू झाला की ओळखीच्या चार घरांतून एकच तक्रार कानावर येते : "वहिनी, सोडा घरी केला, पण तो सरबतासारखाच लागतो." चौकशी केली की कारणही दरवर्षी तेच निघते. फळाचा पाक नुकताच गॅसवरून उतरवलेला असतो, सोड्याची बाटली दुकानातून आणून तशीच टेबलावर ठेवलेली असते आणि थंडाव्याची सारी जबाबदारी पेल्यातल्या बर्फावर सोपवलेली असते. शून्य अंशाच्या जवळचे पाणी २० अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते, आणि मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातले पाणी २० अंशांवर कुठून असणार? त्यामुळे मी पाक, सोडा आणि पेलेसुद्धा आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवते.

बर्फ मोठ्या खड्यांचा घ्यावा. बर्फाचा चुरा दिसायला छान दिसतो, पण त्याच्या खरबरीत कडांवर बुडबुडे भराभर तयार होतात आणि वायू निघून जातो. फळाच्या गराचे कणही हेच करतात, म्हणून पाक मलमलीच्या फडक्यातून, न पिळता, आपोआप गळू द्यावा. २०० मिलिलिटरच्या पेल्यात आधी ४० मिलिलिटर पाक, मग बर्फ, मग कडेने हळूच सोडा, आणि शेवटी लांब दांड्याचा चमचा एकदाच खालून वर आणावा. ज्यांना घुसळल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी ताक करावे.

कुकरची एक शिटी दिली की पाक झटपट होतो, असे सांगणारे बरेच भेटतात. होतो, पण त्याला मुरंब्याचा वास येतो. कैरी उकडावीच लागते. फालसे किंवा जांभळे मात्र मी हलकेच कुस्करून, तितक्याच वजनाची साखर घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते आणि सकाळी सुटलेला रस गाळून घेते. चोइथराम मंडीतून स्वतः निवडून आणलेल्या फालशांना इतका वेळ द्यायला काय हरकत आहे?

लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकून फेस आणणे हा तर सोडा नव्हेच. त्यात लिंबाचा आंबटपणा मरतो आणि जिभेवर खारट, साबणासारखी चव रेंगाळते. घरी सोडा करण्याचे यंत्र असेल तर त्यात फक्त थंड पाणी भरावे. रस भरला तर तो फेसाळून ओट्यावर येतो.

आता बाटल्यांविषयी, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. भाच्याच्या मुंजीसाठी यीस्ट घालून फालशांचा सोडा करायचे मी ठरवले आणि बारा काचेच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरून, घट्ट बूच लावून कपाटात ठेवल्या. कृतीत दोन दिवस लिहिले होते. ते बहुधा कुठल्या तरी थंड गावातले दोन दिवस असावेत. यीस्ट साखर खाऊन वायू सोडते आणि उकाड्यात ते काम फार वेगाने करते, हे मला ठाऊक होते, पण पाहुण्यांच्या घाईत त्याचा हिशेब केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली बाटली फुटली आणि तिच्या तुकड्यांनी शेजारच्या दोन फोडल्या. कपाटाचे दार बंद होते म्हणून कुणाला इजा झाली नाही. आतल्या डाळीच्या डब्याच्या झाकणाला पोचा आला आणि मागच्या भिंतीवरचा जांभळा डाग चुन्याचे दोन हात देऊनही आजवर दिसतो. सासूबाई दारात येऊन एवढेच म्हणाल्या, "सरबत करायचं होतं ना गं? मग सुतळी बॉम्ब कशाला केलास?"

तेव्हापासून यीस्टचा सोडा मी फक्त प्लॅस्टिकच्या, मुळात सोड्यासाठीच बनलेल्या बाटल्यांत करते. लिटरला कोरड्या यीस्टची लहानशी चिमूट, वर चार बोटे रिकामी जागा, आणि मे महिन्यात दर तीन-चार तासांनी बाटली अंगठ्याने दाबून पाहणे. ती दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये जाते. थंडीत यीस्ट मंदावते, पण पूर्ण थांबत नाही, म्हणून बाटल्या तीन-चार दिवसांत संपवाव्यात. अशा सोड्यात किंचित मद्यार्कही तयार होतो, त्यामुळे मुलांच्या पंगतीत मी तो आता वाढत नाही. बाटली किती वेळाने तयार होईल, असे मला विचारू नये. दर तीन तासांनी उठायचा कंटाळा असेल त्याने कोपऱ्यावरून गोटी सोडा आणावा.

काळे मीठ भरल्या पेल्यावर भुरभुरू नये, सगळा फेस ताटलीत येतो. ते पाकातच विरघळवावे. मोसंबीचा रस ठेवला की कडवट होतो, तो पाहुणे बसल्यावरच काढावा.